गावाचे कल्याण कसे मोजावे: दरडोई उत्पन्नापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत

राष्ट्रीय उत्पन्नाची शिस्तशीर मोजणी बसवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या सायमन कुझनेट्स यांनी १९३४ साली अमेरिकी काँग्रेसपुढे ठेवलेल्या अहवालातच बजावले होते की, उत्पन्नाच्या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज बांधता येणे कठीण आहे. हा इशारा आजही तितकाच लागू आहे. दोनशे फुटांवरची बोअरवेल सहाशे फुटांवर नेली की खोदाईचा खर्च उत्पन्नात धरला जातो, मात्र आटलेले भूजल त्यातून वजा होत नाही. आणि घरातली बाई पहाटेपासून रात्रीपर्यंत जे राबते, त्याचा बहुतांश भाग हिशेबात येतच नाही. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा तयार करताना, शाळा-महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी किंवा संस्थेच्या कामासाठी ज्यांना आपल्या गावातील माणसे कशी जगतात हे मोजायचे आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

आधी देशाचा आकडा स्वतः काढून पाहा

गावात जाण्यापूर्वी मानव विकास निर्देशांक, म्हणजे आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांवरून काढलेली शून्य ते एक यांमधील संख्या, एकदा हाताने काढावा, कारण त्याची रचना समजली की कोणता आकडा काय सांगतो आणि काय लपवतो हे कळते. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने आणि अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांच्या विचारांच्या आधारे संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने हा निर्देशांक १९९० साली प्रथम प्रसिद्ध केला. २०२५ च्या अहवालात भारताचे २०२३ सालचे आकडे असे आहेत: जन्मावेळचे अपेक्षित आयुर्मान ७२ वर्षे, शाळेत जाऊ लागणाऱ्या मुलाची अपेक्षित शालेय वर्षे १३, प्रौढांची सरासरी शालेय वर्षे ६.९ आणि क्रयशक्तीच्या हिशेबाने (म्हणजे देशोदेशींच्या किमतींतील फरक जमेस धरून) दरडोई उत्पन्न सुमारे ९,०४७ डॉलर.

आयुर्मानासाठी किमान २० आणि कमाल ८५ वर्षे धरतात. म्हणून ७२ मधून २० वजा करून ६५ ने भागावे, ०.८० येतात. शिक्षणासाठी कमाल वर्षे अनुक्रमे १८ आणि १५ धरतात, म्हणून १३ ला १८ ने आणि ६.९ ला १५ ने भागून दोन्हींची सरासरी काढावी, ती ०.५९ येते. उत्पन्नासाठी १०० ते ७५,००० डॉलर ही मर्यादा आहे, परंतु येथे थेट वजाबाकी न करता आधी लॉगरिदम घ्यावे लागतात: ९,०४७ आणि १०० यांच्या लॉगरिदमांतील फरकाला ७५,००० आणि १०० यांच्या लॉगरिदमांतील फरकाने भागावे, उत्तर ०.६८ येते. यामागचे कारण साधे आहे: महिना आठ हजारांत भागवणाऱ्या घरात आणखी हजार रुपये आले तर पोरांच्या ताटात फरक पडतो, लाखभर मिळवणाऱ्याच्या घरात तेवढ्याच रकमेने काही हलत नाही. शेवटी तिन्ही संख्यांचा गुणाकार करून घनमूळ काढावे, ०.६८५ हा भारताचा निर्देशांक हाती येतो, ज्यामुळे १९३ देशांत आपला क्रमांक १३० वा लागला. २०१० पूर्वी घनमूळाऐवजी साधी सरासरी घेत असत, त्यामुळे शिक्षणातील तूट उत्पन्नाच्या शिलकीने सहज झाकली जाई. आता ती तशी झाकता येत नाही, आणि माझ्या मते या निर्देशांकात झालेली ही सर्वांत न्याय्य दुरुस्ती आहे.

तरीही सरासरी ती सरासरीच. त्याच अहवालात विषमतेची वजावट केल्यावर भारताचा आकडा सुमारे ३१ टक्क्यांनी घसरून ०.४७५ वर येतो. आपल्या राज्यासाठी यशदा या पुण्याच्या शासकीय प्रशिक्षण संस्थेने तयार केलेल्या २०१२ च्या मानव विकास अहवालात महाराष्ट्राचा निर्देशांक ०.७५२ होता, मुंबईचा ०.८४१ आणि नंदुरबारचा ०.६०४. जिल्ह्याच्या आकड्याच्या पोटातही असेच अंतर दडलेले असते: मुख्य गावठाण एकीकडे, आणि तीन किलोमीटरवरचा पाडा किंवा तांडा दुसरीकडे. म्हणून गावपातळीवर सरासरी सोडून घर मोजावे लागते.

गावासाठी आयुर्मान काढू नये

देशाचेच सूत्र गावाला लावण्याचा मोह होतो, तो टाळावा. आयुर्मान मृत्यूदरांवरून निघते, आणि छोट्या गावात ते दर भरवशाचे नसतात. दोन हजार वस्तीच्या गावात वर्षाला साधारण तीस बाळे जन्मतात. त्यांपैकी एक दगावले तर बालमृत्यूदर हजारी ३३ होतो, आणि पुढच्या वर्षी एकही दगावले नाही तर शून्य. हा चढउतार प्रगतीही दाखवत नाही आणि अधोगतीही. अशा ठिकाणी दर न काढता पाच वर्षांतील प्रत्येक मृत्यू नोंदवावा आणि आशाताईंसोबत बसून कारण लिहावे: कळा केव्हा सुरू झाल्या, गाडी केव्हा मिळाली, दवाखान्यात पोहोचायला किती वेळ लागला. एका मृत्यूची अशी नीट लिहिलेली हकीकत गावाला टक्केवारीपेक्षा अधिक शिकवते.

वंचितता मोजण्याची रीत

गावासाठी सर्वांत उपयोगी पडते ती सबिना अल्कायर आणि जेम्स फॉस्टर या अर्थतज्ज्ञांनी विकसित केलेली बहुआयामी दारिद्र्य मोजण्याची पद्धत. नीती आयोगाचा राष्ट्रीय निर्देशांक याच पद्धतीवर उभा आहे. त्यात आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान या तीन बाजूंना प्रत्येकी एक तृतीयांश भार दिला आहे. आरोग्यात पोषणाला एक षष्ठांश, बाल व किशोर मृत्यू आणि मातेचे आरोग्य यांना प्रत्येकी एक द्वादशांश. शिक्षणात घरातील कोणी किमान सहा वर्षे शिकले आहे का आणि मुले शाळेत जातात का, यांना प्रत्येकी एक षष्ठांश. आणि राहणीमानात स्वयंपाकाचे इंधन, शौचालय, पिण्याचे पाणी, वीज, घर, मालमत्ता, बँक खाते या सातांना प्रत्येकी एक एकविसांश. ज्या घराच्या उणिवांची बेरीज एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक भरते, त्या घरातील सर्व माणसे गरीब धरली जातात.

एक घर घेऊन पाहू. घरातील लहान मूल कुपोषित आहे (०.१६७), दहा वर्षांवरील कोणीही सहा वर्षे शिकलेले नाही (०.१६७), आणि स्वयंपाक लाकडावर होतो (०.०४८). बेरीज ०.३८२, म्हणजे हे घर गरीब. शेजारच्या घरात मुले सुदृढ आहेत, शाळेत जातात, परंतु भिंती कच्च्या आहेत, शौचालय नाही आणि चूलच आहे, बेरीज ०.१४३, म्हणजे या मोजणीत ते गरीब नाही. वरवर पाहणाऱ्याला दोन्ही घरे सारखीच दिसतील.

आता समजा, गावातील ६०० माणसांपैकी १२० माणसे अशा गरीब घरांत राहतात, आणि त्यांच्या उणिवांची सरासरी ०.४२ आहे. गरिबांचे प्रमाण ०.२०, त्याला तीव्रतेच्या ०.४२ ने गुणले की निर्देशांक ०.०८४ येतो. या गुणाकाराचे मोल मोठे आहे. एखाद्या अतिगरीब घराला शौचालय मिळाले पण ते घर अजून रेषेखालीच राहिले, तर निव्वळ टक्केवारी जागची हलत नाही. तीव्रता मात्र घटते आणि केलेल्या कामाची नोंद होते. नाहीतर काठावरच्या घरांनाच वर ढकलून आकडा सुधारण्याची सवय लागते, आणि सर्वांत तळाशी असलेले तिथेच राहतात.

नीती आयोगाच्या २०२३ च्या अहवालानुसार देशातील अशा गरिबांचे प्रमाण २०१५-१६ मधील २४.८५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्क्यांवर आले. आपल्या गावाचा आकडा या शेजारी ठेवायचा असेल तर निकष आणि भार तेच ठेवावेत. गावासाठी स्वतंत्र निकष हवे असतील, तर ते ग्रामसभेत ठरवावेत आणि वहीत लिहून ठेवावेत. कोणत्या उणिवेला किती भार द्यायचा हा गणिताचा प्रश्न नाही. काय महत्त्वाचे मानायचे याचा तो निर्णय आहे, आणि ज्यांचे जगणे मोजायचे त्यांना तो घेण्याचा पहिला हक्क आहे. महिला ग्रामसभा वेगळी बोलवावी. तेथे बहुधा पाणी, दारू आणि दवाखान्याचे अंतर हे विषय आधी निघतात. गावच्या सभेत रस्ता आणि सभामंडप.

प्रश्न कसा विचारावा

सारी मोजणी प्रश्नाच्या शब्दांवर उभी असते. "गॅस आहे का?" असे विचारले की "आहे" हेच उत्तर मिळते, कारण सिलिंडर खरोखर कोपऱ्यात उभा असतो. "काल सकाळची भाकरी कशावर भाजली?" असे विचारावे. "शौचालय आहे का?" याऐवजी दार उघडून पाहावे, एका पाड्यावर मी दार उघडले तेव्हा आत छपरापर्यंत सरपण रचलेले होते आणि त्यावर कोंबडी अंड्यांवर बसली होती. त्या घरच्या मावशींनी शांतपणे सांगितले की वापरायचे तर रोज दोन हंडे पाणी जास्त आणावे लागते, आणि ते आणायचे कोणी? कागदावर त्या घराला शौचालयही होते आणि नळही. म्हणून पाण्याचा प्रश्न नेहमी महिना धरून विचारावा: श्रावणात किती, आणि वैशाखात किती.

पाहणीचा काळही जपून निवडावा. बीडसारख्या भागात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची कोयती (नवरा-बायकोच्या मजूर जोड्या) गावाबाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. जानेवारीत पाहणी केली तर नेमकी सर्वांत गरजू घरे कुलूपबंद आढळतात आणि गाव आहे त्याहून सुखी दिसते. कुलूप लावलेले घर यादीतून गाळू नये. त्याची वेगळी नोंद करून घरची माणसे परतल्यावर तेथे जावे.

वेळ आणि मनाचे समाधान

वेळेचा हिशेब घेतल्याशिवाय स्त्रियांचे कल्याण कळत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या पाहणीत, घरचे विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. गावात हे मोजण्यासाठी "रोज किती काम करता?" असे विचारू नये, कालचा दिवस पहाटे चारपासून अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारत जावे, आणि एकाच वेळी होणारी दोन कामेही लिहावीत. चुलीवर कालवण, मांडीवर मूल आणि हातात निवडायची भाजी, हा एकच अर्धा तास असतो.

समाधान मोजण्यासाठी शिडीचा प्रश्न सर्वत्र वापरला जातो: शून्यापासून दहापर्यंत पायऱ्यांची शिडी डोळ्यांपुढे आणा, सर्वांत वरच्या पायरीवर तुम्हाला मिळू शकेल असे उत्तमात उत्तम आयुष्य आहे, सर्वांत खाली वाईटात वाईट, आज तुम्ही कोणत्या पायरीवर आहात? हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा, कारण उणिवांची यादी वदवून घेतल्यावर उत्तर खाली सरकण्याचा धोका असतो. उत्तर देणारीजवळ सासू किंवा नवरा बसलेला नसावा. आणि या एका उत्तरावर कधीही विसंबू नये. सेन यांनी १९४४ साली कोलकात्याजवळच्या सिंगूर येथे झालेल्या आरोग्य पाहणीचा दाखला दिला आहे: दुष्काळानंतरच्या त्या वर्षी प्रकृतीची तक्रार विधुरांनी पुष्कळ केली आणि विधवांनी फारच थोडी. ज्यांनी काही मागायचेच सोडून दिले आहे, त्यांचे "बरे चालले आहे" हे उत्तर वजन, उंची आणि हिमोग्लोबिनच्या शेजारी ठेवूनच वाचावे.

निकाल मांडताना एकच आकडा फळ्यावर लिहू नये. घरांची नावे न देता वस्तीवार, स्त्री-पुरुषवार आणि उणीवनिहाय तक्ता करावा, तो ग्रामसभेत मोठ्याने वाचावा, आणि चूक वाटेल तेथे दुरुस्ती सुचवण्यासाठी आठवडाभर चावडीवर लावावा. प्रश्नावलीचा मूळ कागद पंचायतीत जपून ठेवावा. दोन वर्षांनी पुन्हा मोजाल तेव्हा त्याच महिन्यात, त्याच शब्दांत विचारा. "काल सकाळची भाकरी" या जागी "गॅस वापरता का" एवढा बदल झाला, तरी दोन पाहण्यांची तुलना करता येणार नाही.