मटक्याचा हिशोब एकदा घरी करून बघा
कुणी मटका लावत असेल तर त्याला रागावू नका, कागद घेऊन बसवा. सिंगलला, म्हणजे एकाच आकड्यावर लावलेल्या पैशाला, साधारण 9 पट भाव असतो, आकडे 0 ते 9 म्हणजे दहा, मग दहाही आकड्यांवर 10-10 रुपये लावले असं धरा, 100 गेले आणि कुठलाही आकडा फुटला तरी हातात 90च, म्हणजे कधीच न चुकणारा माणूससुद्धा 10 रुपये हरतो!! नंतर त्याला नाणं द्या, 100 वेळा उडवून छापा-काटा लिहायला लावा. सलग पाच छापे किंवा काटे बहुतेक दिसतातच, आणि सहाव्यांदाही चान्स निम्माच, नाण्याला मागचं काही आठवत नाही. 'सात किती दिवस आला नाही, आज येणारच' म्हणत जुन्या निकालांचा चार्ट बघणाऱ्याला हे स्वतःच्या हाताने करू द्या, नुसतं सांगून पटत नाही.