कुंभार्ली घाट उतरताना न्यूट्रल नको

माझं माहेर कराड, सासर चिपळूण. मधला शंभरेक किलोमीटरचा रस्ता पेट्रोलची गाडी घेऊन महिन्यातून दोनदा तरी होतो.

‘पेट्रोल वाचवायचं तर उतार लागला की न्यूट्रल’ ही आप्पांची शिकवण. त्यांच्या कार्बोरेटरवाल्या जीपला ती चालून गेली, आताच्या गाड्यांना नाही. फ्युएल इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण काढलात की इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल सोडणारे फवारे, बंद होतात. चाकंच इंजिनाला फिरवतात, पेट्रोल जात नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. म्हणून घाटमाथा ओलांडला की घाटाखालच्या पोफळी गावापर्यंत उताराप्रमाणे दुसरा किंवा तिसरा गिअर ठेवायचा आणि क्लचला उगाच हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. ब्रेकही तापत नाहीत, आणि घाटात हे पेट्रोलपेक्षा महत्त्वाचं.

उलट, कराडकडे येताना चढ असतो. तिथे वरच्या गिअरात इंजिन धडधडत नेऊ नका, वेळेवर खालचा टाका.

सपाटीलाही पाय लवकर काढायचा. मल्हारपेठेजवळ पुढची एसटी थांबताना दिसली की मी लांबूनच ॲक्सिलरेटर सोडते. तिच्या बुडाशी जाऊन करकचून ब्रेक मारायचा, मग पुन्हा पहिल्यापासून वेग घ्यायचा, यात सगळ्यात जास्त पेट्रोल जातं.

टायरची हवा पंधरा दिवसांनी, गाडी थंड असताना बघा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. हवावाल्याच्या अंदाजावर जाऊ नका. रिकामा कॅरिअर टपावर मिरवू नका. आंब्याच्या पेट्या डिकीत मावतात. हायवेला ८० वरून १०० वर गेलात की वाऱ्याचा अडथळा दीडपटीहून जास्त होतो. त्या वेगाला काचा उघड्या ठेवण्यापेक्षा एसी बरा. गावातल्या रस्त्याला काचा उघडा.

ॲव्हरेज डॅशबोर्डवर बघू नका, स्वतः काढा. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. पुढच्या वेळी त्याच पंपावर तशीच फुल करा आणि किलोमीटरला लिटरने भागा. एका टाकीवर विश्वास नको, तीन-चार टाक्यांचा हिशेब ठेवा.

माझे १६ चे १९ झाले. आप्पांना वही दाखवली, तर म्हणाले, “पंपवाल्यानं जास्त घातलं असंल.”