लहान पोराच्या हातात टॅब द्यायचाय? आधी एवढं करून घ्या

एप्रिल-मे मधे सोलापुरात दुपारी पोरांना बाहेर सोडायची सोयच नाही, पारा ४० च्या वर, मग घरात बसून काय तर मोबाईल नाहीतर टॅब. आमच्या जुळे सोलापुरातल्या बिल्डिंगमधे घरोघरी हेच चालू असतं. देऊच नका असं मी म्हणणार नाही, मी पण देते की ओ, फक्त देण्याआधी थोडी तयारी लागते.

सगळ्यात आधी वय बघा. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला नकोच, आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालतोय. पुढं चार वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी झालं तर उत्तमच, हे २०१९ मधे जागतिक आरोग्य संघटनेनंच सांगितलंय. आणि तो तास टीव्ही, मोबाईल सगळं धरून हं. आम्ही वीस-वीस मिनिटं करतो.

मग टॅब तयार करा, पोरगं झोपलेलं असताना. तुमच्या जीमेलवर देऊ नका, गूगलच्या फॅमिली लिंक अ‍ॅपमधून त्याचं वेगळं खातं काढा, प्ले स्टोअरला पैसे भरताना दरवेळी पासवर्ड मागेल असं सेटिंग करा. आमच्या पुतणीनं दिरांच्या फोनवर गेम खेळता खेळता त्यातले हिरे विकत घेतले होते, मेसेज आल्यावर कळलं. शिवाय सेटिंग्जमधे 'पिन' असं शोधलं की अ‍ॅप पिन करायची सोय सापडते, ती चालू करून अ‍ॅप पिन केलं की पोरगं एकाच अ‍ॅपमधे राहतं, आणि बाहेर पडताना पासवर्ड मागायचा पर्याय पण चालू ठेवला तर त्याच्याशिवाय बाहेर पडता येत नाही. आयपॅडवर ह्याला गाईडेड अ‍ॅक्सेस म्हणतात.

अ‍ॅप निवडताना स्टार बघू नका, स्वतः दहा मिनिटं खेळून बघा. जाहिरात आली की काढून टाका, विषय संपला. खान अकॅडमी किड्स फुकट आहे, जाहिराती नाहीत, पण इंग्रजी आहे. मराठी गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर. वाचायला लागलेल्या पोराला गूगलचं रीड अलाँग, त्यात मूल मोठ्यानं वाचतं आणि चुकलं तर ते सांगतं. पहिलीपासून पुढं असेल तर बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा अ‍ॅपनं स्कॅन करा, त्याच धड्याचं साहित्य उघडतं. पुस्तकाला क्यूआर कोड जोडायची ही कल्पना आपल्याच जिल्ह्यात रुजली बरं का, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत, तिथल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं त्यात ह्या कामाचा मोठा वाटा होता.

आता खरं काम. शेजारी बसा. माझा मुलगा अ‍ॅपमधे दहा सफरचंदं धडाधड मोजायचा, मला वाटलं आलं ह्याला. एक दिवस ताटात भुईमुगाच्या दहा शेंगा ठेवल्या तर एकच शेंग दोनदा मोजली, दोन सोडल्या आणि वर ऐटीत 'नऊ' म्हणाला! नंतर नीट बघितलं तेव्हा लक्षात आलं की अ‍ॅपमधे सफरचंदाला बोट लावलं की तेच रंग बदलतं, आकडा पण तेच बोलतं, म्हणजे कुठलं मोजून झालं हे लक्षात ठेवायचं काम अ‍ॅप करत होतं, पोरगं नुसतं बोट लावत होतं. तेव्हापासून नियम केला, टॅबवर जे केलं ते लगेच हातानं करायचं, शेंगा एकेक उचलून वाटीत टाकत मोजायच्या, अक्षर गिरवलं तर पाटीवर काढायचं, गोष्ट ऐकली तर आजीला सांगायची (आमच्या गोष्टीतला वाघ दरवेळी सिद्धेश्वर तलावात पडतो, असू दे).

बंद करताना हिसकावून घेऊ नका, लई रडारड होते. 'ही गोष्ट संपली की ठेवायचा' असं सुरू करतानाच सांगा, यूट्यूब असेल तर ऑटोप्ले बंद ठेवा नाहीतर गोष्ट कधी संपतच नाही. जेवताना आणि झोपायच्या आधीचा तासभर टॅब कपाटात.

आणि आपल्याकडच्या उन्हात चार्जिंगला लावलेला टॅब पोराच्या हातात देऊ नका, चांगलाच तापतो. चार्ज करताना जाड कव्हर काढा, गाडीत तर विसरूच नका.