बुद्धिमत्ता आणि वर्तन: डिझर्टेशनला हात घालण्याआधी

एम.ए.ला ‘बुद्धिमत्ता आणि अमुक वर्तन यांचा सहसंबंध’ (दोन्ही किती जोडीने कमी-जास्त होतात त्याचा आकडा) हा विषय दरवर्षी कोणीतरी घेतंच. विषय बरा आहे, घात होतो तो नमुन्यात. आपल्याच कॉलेजातली साठ मुलं गोळा केली, तर प्रवेशाच्या गाळणीतून आलेली जवळपास सारखी मुलंच हाती लागतात. मूळ सहसंबंध ०.५० असला आणि या गटाचं प्रमाण विचलन, म्हणजे गुणांचा पसारा, १५ऐवजी ७.५ भरलं, तर आकडा ०.२८च्या आसपास घसरतो. मग ‘बुद्धीचा वर्तनाशी फारसा संबंध नाही’ असं लिहून मोकळं व्हायचं! ०.३०चा सहसंबंध ०.०५ पातळीवर (म्हणजे तो योगायोग नाही असं म्हणण्यापुरता) पकडायला, पॉवर, म्हणजे खरा संबंध हाती लागण्याची शक्यता, ८० टक्के धरली, तरी सुमारे ८५ जण लागतात. तेही निरनिराळ्या शाळा-कॉलेजांतले.

चाचणी बहुतेकदा रेव्हनची, स्टँडर्ड प्रोग्रेसिव्ह मॅट्रिसेस, म्हणजे आकृतीतला हरवलेला तुकडा पर्यायांतून निवडायची: ६० प्रश्न, ए ते ई पाच संच, प्रत्येकी १२. पुस्तिका वाटण्याआधी पानन् पान उलटून खोडरबर फिरवा; आधीच्याने पेन्सिलीने केलेली खूण नव्याला उत्तर सांगते. पहिला प्रश्न सोबत सोडवताना बाकीचे तुकडे का बसत नाहीत तेही दाखवा. वर्गात एकत्र चाचणी घेताना खरा घोळ उत्तरपत्रिकेत होतो. मुलगा प्रश्न सोडतो, पण रकाना सोडत नाही, आणि तिथून खालची सगळी उत्तरं एकेक घर वर सरकतात. म्हणून संच संपता संपता फेरी मारून बाराव्या रकान्यावर नजर टाका. शेवटी संचवार गुण मॅन्युअलच्या कोष्टकाशी ताडायचे; एकूण गुणांना प्रत्येक संचात किती अपेक्षित ते त्यात असतं. एखाद्या संचात दोनपेक्षा जास्त फरक असेल, तर त्या पत्रिकेवर भिस्त ठेवू नये. हे कोष्टक उघडायचाच सगळ्यांना कंटाळा.

नॉर्म्स, म्हणजे गुण ज्यांच्याशी ताडायचे ते वयोगटाचे आकडे, कधीच्या आहेत तेही बघा. कामतांची मराठी-कन्नड बिने चाचणी १९४०च्या सुमाराची, नागपूरच्या मालिन यांची मिसिक (भारतीय मुलांसाठीची बुद्धिमत्ता चाचणी) १९६९ची. फ्लिन या संशोधकांनी अनेक देशांत बुद्ध्यंकात दशकाला साधारण ३ गुणांची चढ दाखवली. जुन्या नॉर्म्सवर आजच्या मुलाचा बुद्ध्यंक फुगतो. वयोगट एकच असेल तर सहसंबंधाला कच्चे गुणच (बरोबर उत्तरांची संख्या, बुद्ध्यंकात न बदललेली) घ्या.

वर्तनाचं रेटिंग वर्गशिक्षकांकडून घेणार असाल तर चाचणीचे गुण कळायच्या आत भरून घ्या, नाहीतर हुशार पोर शिस्तीतही वर जातं.

पालक आकडा मागतातच. विश्वसनीयता (पुन्हा घेतली तरी गुण तेच येण्याचं प्रमाण) ०.९१ आणि प्रमाण विचलन १५ असलेल्या चाचणीची प्रमाण त्रुटी, म्हणजे मोजमापातली नेहमीची चूक, ४.५ येते. ‘१०७’ सांगू नका, दोन्हीकडे दोन त्रुटी धरून ‘९८ ते ११६च्या दरम्यान’ सांगा.