थांबण्याची सोय आधी, पल्ला नंतर: गंभीर आजारातल्या धावपटूसोबत कोल्हापुरात निधी-दौड आखताना

चौथ्या टप्प्यातला कॅन्सर असलेले धावपटू म्हणतात, ‘अजून एकदा पळायचंय आणि त्यातनं पेशंटांसाठी पैसे उभे करायचेत.’ की लगेच तालमीतली पोरं पल्ल्यावर येतात. पन्हाळा करूया, जोतिबा करूया, थेट पुणं गाठूया. पहिली चूक इथंच होते. त्या दिवशी सकाळी शरीर काय म्हणेल हे महिनाभर आधी डॉक्टरांनाही सांगता येत नाही. म्हणून आखणी उलट्या टोकाकडून करायची. ते कुठंही आणि कधीही थांबले तरी कार्यक्रम मोडू नये, देणगी अडू नये आणि त्यांच्या मनाला लागू नये, एवढी सोय आधी करा. किलोमीटरचं नंतर बघा.

कॅनडाच्या टेरी फॉक्सचं उदाहरण सगळे देतात, पण त्यातली मुख्य गोष्ट सुटते. हाडाच्या कॅन्सरमुळं १९७७ साली त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर काढला. १२ एप्रिल १९८० ला तो कृत्रिम पायावर देशाच्या पूर्व टोकापासून निघाला आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर पळाला. १ सप्टेंबरला थंडर बे शहराजवळ त्याला थांबावं लागलं, कारण कॅन्सर फुफ्फुसात पोचला होता. पश्चिम किनारा त्यानं गाठलाच नाही. तरी माणशी एक डॉलर हे त्याचं ध्येय तो थांबल्यावर, फेब्रुवारी १९८१ मध्ये पूर्ण झालं: २ कोटी ४१ लाखांहून जास्त डॉलर. लोकांनी पल्ल्याला पैसे दिले नव्हते.

यावरून पहिला नियम: ‘किलोमीटरमागं शंभर रुपये’ अशी योजना करू नका. दुखणं वाढलेलं असताना त्यांच्या डोक्यात ‘अजून एक फेरी म्हणजे कुणाच्या तरी औषधाचे पैसे’ असा हिशेब सुरू होतो, आणि मग ते थांबत नाहीत. देणगी दौडीच्या आधीच घ्या, आणि पावतीवरच छापा की ही रक्कम अंतरावर अवलंबून नाही.

तारीख केमोच्या चक्रावरून

दर २१ दिवसांनी केमो असेल तर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या आठवड्यात संसर्ग पटकन होतो, म्हणून गर्दी नको, सराव एकट्यानं किंवा घरच्यांसोबतच. पहिले तीन-चार दिवस १५-२० मिनिटं चालणं पुरे. लांबचा सराव आणि मुख्य दौड अठराव्या ते एकविसाव्या दिवसांत, पुढच्या केमोच्या आधी बसवा. औषध दर आठवड्याला असेल किंवा रोजच्या गोळ्या असतील तर हे गणित लागू नाही. तिथं डॉक्टर सांगतील तो दिवस. तारीख पत्रकावर छापण्याआधी एक राखीव तारीखही ठरवा.

आठ आठवड्यांची तयारी पुरते. आठवड्यातनं तीन वेळा अर्धा तास चालणं-पळणं आणि दोन वेळा हलका ताकदीचा व्यायाम एवढा पाया कॅन्सर पेशंटांसाठी व्यायामतज्ज्ञ सुचवतात. जुना मॅरेथॉनवाला याला हसेल, पण पूर्वीचे आकडे आता मोजपट्टी नाहीत. घड्याळातला हृदयाचा ठोकाही फसवतो, कारण रक्त कमी असलं की तो उगाच वाढलेला दिसतो आणि काही औषधांनी दाबलेला दिसतो. त्यापेक्षा सोपी खूण वापरा: पळता पळता ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ मध्ये श्वास न तोडता म्हणता आलं तर वेग बरोबर. ‘नावानं’ला धाप लागली की चाला.

डॉक्टरांकडं ‘पळू का?’ एवढंच विचारून येऊ नका, कारण त्याला ‘जपून पळा’ एवढंच उत्तर मिळतं. प्रश्न लिहून न्या. मांडीच्या हाडात, खुब्यात किंवा मणक्यात गाठ आहे का, आणि तिथं हाड मोडायचा धोका किती? हृदयावर परिणाम करणारी केमो झाली असेल तर शेवटची टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) कधीची? हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट किती असतील तर रद्द करायचं? वेदनेचं जादा औषध कधी आणि किती घ्यायचं? उत्तरं डॉक्टरांच्या सहीनं एका कागदावर घ्या. दौडीच्या ४८ तास आधी रक्ताची तपासणी करा आणि त्या कागदाशी ताडून बघा.

मार्ग: सरळ नव्हे, गोल

ए टू बी रस्ता घेतला की माणूस मधेच अडकतो. दीड-दोन किलोमीटरची फेरी घ्या, म्हणजे खुर्ची, औषधं, संडास आणि गाडी कधीच दहा-बारा मिनिटांहून लांब राहत नाहीत. शिवाजी विद्यापीठाचा परिसर यासाठी सोयीचा, कारण आतले रस्ते आणि सावली. रंकाळ्याकाठी लोक जास्त जमतात, पण सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दीही तिथंच, आणि पेशी कमी असलेल्या माणसाला गर्दी नको. अंतर ॲपवर सोडू नका, सायकलच्या मीटरनं दोनदा मोजा. विद्यापीठात कुलसचिव कार्यालयाची लेखी परवानगी लागते. रंकाळ्यावर महापालिका, स्थानिक पोलीस ठाणं आणि शहर वाहतूक शाखा तिन्हीकडं अर्ज द्या, आणि पोच घेतलेली प्रत त्या दिवशी खिशात ठेवा. सकाळी सहाच्या आत लाऊडस्पीकर लावता येत नाही.

पन्हाळ्याचा मोह प्रत्येकाला होतो. वाघबिळापासूनचा चढ बघून भीती वाटते, पण खरा धोका उतारात आहे. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीच्या हाडावर आणि मणक्यावर दणका बसतो. सायकल असेल तर केमोनं बधिर झालेल्या बोटांना ब्रेक किती दाबला हेच कळत नाही. पन्हाळा हवाच असेल तर बाकीची टीम जाऊ दे, आणि शेवटचे दोनशे मीटर सपाटीवर त्यांनी सोबत चालावं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली, पण तोच गळीत हंगाम. दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर पहाटेपासून कारखान्याच्या रस्त्यांवर असतात, मागचा दिवा असेलच असं नाही, आणि पाचट जाळलेल्या धुरानं सकाळची हवा घशाला लागते. बाहेरच्या रस्त्यावर सरावाला जाऊ नका. फुफ्फुसात आजार असेल तर ज्या दिवशी धूर खाली बसलेला दिसतो त्या दिवशी पळणं रद्द.

अंतर टीमचं ठेवा. समजा ४२ किलोमीटर ठरवलं, तर ते दहा जणांत वाटा आणि मुख्य धावपटूंच्या नावावर एकही सक्तीची फेरी लिहू नका. ते पळतील तेवढं बोनस. ते सकाळी उठूच शकले नाहीत तरी दौड वेळेवर सुरू होते, आणि त्यांचा बिब (छातीवर लावायचा) नंबर दुसऱ्या कुणाला न देता पहिल्या फेरीत हातात धरून नेला जातो. हे त्यांच्याशी आधी मोकळेपणानं बोला. ते असल्या बोलण्याला घाबरत नाहीत, घाबरतात ते आजूबाजूचे.

अंगावर काय, पोटात काय

वेदनेसाठी फेंटानिलची पट्टी लावलेली असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. पट्टीतलं औषध कातडीतून रक्तात जातं, आणि उष्णतेनं ते जास्त वेगानं जातं. ऊन, तापलेलं अंग, गरम पाण्याची पिशवी यांतलं काहीही त्याला पुरतं. जास्त औषध गेलं की गुंगी येते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, श्वास संथ होतो. घामानं पट्टी सुटते ती भानगड वेगळीच. पट्टीवर थेट ऊन पडू देऊ नका, दौड ऊन तापायच्या आत संपवा, आणि एक माणूस दर फेरीला त्यांच्याशी दोन वाक्यं बोलून बघेल असं नेमा. उत्तर उशिरा किंवा जड जिभेनं आलं की थांबा आणि डॉक्टरांना फोन करा.

तळपाय बधिर असतील तर बुटात खडा गेल्याचंही कळत नाही. दर तासाला बूट-मोजे काढून मोबाइलच्या टॉर्चनं तळवा आणि बोटांच्या बेचक्या बघा, मोजा उलटा करून झटका. पायाला सूज येते, म्हणून बूट संध्याकाळी घ्या आणि अर्धा नंबर मोठे घ्या. कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांनी तळवे लाल होऊन सोलत असतील तर पळणं बंद, सावकाश चालणंच. केमोचा पोर्ट (औषध सोडायला कातडीखाली बसवलेली छोटी डबी) छातीत असेल तर पाठपिशवीचा पट्टा त्यावर येऊ देऊ नका. ऑक्झालिप्लॅटिन ही केमो सुरू असेल तर गारठ्यानं हाताला आणि घशाला मुंग्या येतात. डिसेंबरच्या सकाळी त्यांना हातमोजे, तोंडावर मऊ रुमाल आणि कोमट पाणी द्या, फ्रिजमधली बाटली नाही.

ओआरएसची २०.५ ग्रॅमची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवा. ग्लासात अर्धी पुडी टाकायची सवय सगळीकडं दिसते. त्यानं मीठ जास्त होतं आणि मळमळ वाढते. दर १५-२० मिनिटांनी १०० ते १५० मिली, घोट घोट. मूत्रपिंड, हृदय किंवा पोटातल्या पाण्याचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टर ठरवतील. सुरू करताना आणि संपल्यावर वजन करा. साठ किलोच्या माणसाचं सहाशे ग्रॅमपर्यंत कमी झालं तर ठीक. वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालं, आणि तेही घातक. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या पळताना स्वतःच्या मनानं नकोत, मूत्रपिंडावर ताण येतो.

खायला पिकलेलं केळं, मऊ राजगिऱ्याचा लाडू, तोंड आलं असेल तर मुगाचं कढण किंवा मेतकूट-भात. तांबडा-पांढरा रस्सा टीमसाठी ठेवा. गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर पिळलेलं धारोष्ण दूध ही कोल्हापूरची शान खरी, पण ते कच्चं असतं. पांढऱ्या पेशी कमी असलेल्या माणसाला कच्चं दूध, कापून ठेवलेली फळं आणि बर्फ घातलेला उसाचा रस अजिबात नाही. पैलवानाला जे बळ देतं ते इथं थेट दवाखान्यात नेऊ शकतं. दूध उकळून द्या.

कधी थांबवायचं

हे ठरवणारा माणूस एकच असावा, नातेवाईक नसावा, आणि त्याचा शब्द अंतिम असेल हे धावपटूंनी आधी मान्य केलेलं असावं. खालचं पत्रक मार्गावरच्या टेबलांवर चिकटवा:

ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट: लगेच दवाखाना, पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही.
पाठीत नवी तीव्र कळ, पायात अशक्तपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणं: मणक्यावर दाब असू शकतो, तासाचाही उशीर नको.
एकाच पायाला सूज, पोटरीत कळ, अचानक धाप: रक्ताची गुठळी असू शकते.
पाय टेकताना मांडीत किंवा खुब्यात कळ: एक पाऊलही पुढं नाही, खुर्चीवरूनच उचला.
छातीत दुखणं, भोवळ, असंबद्ध बोलणं.

१०८ चा नंबर प्रत्येकाला पाठ असतो, पण गाडी कुठल्या गेटनं आत येणार हे ठरलेलं नसतं. ते ठरवा, त्या गेटवर माणूस उभा करा. सीपीआरला (छत्रपती प्रमिलाराजे या सरकारी रुग्णालयात) न्यायचं की ज्यांचे उपचार सुरू आहेत तिथं, हेही आधी ठरवा. हृदय बंद पडलं तर छाती दाबायची का, व्हेंटिलेटर हवा का, याबद्दलची त्यांची इच्छा कागदावर असू शकते. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही पुरते. कागद असेल तर प्रत गाडीत ठेवा.

पैसा

खेळाडूसाठी पदरमोड करणं कोल्हापूरला नवीन नाही. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला जाऊ शकावेत म्हणून राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले होते. त्या विश्वासाला तडा जातो तो ढिल्या हिशेबानं, म्हणून हिशेब घट्ट ठेवा.

पैसे कुणाच्याही वैयक्तिक खात्यावर किंवा यूपीआयवर घेऊ नका, पेशंटच्या तर नाहीच. नोंदणीकृत ट्रस्टच्या खात्याचाच क्यूआर कोड छापा, आणि छापायच्या आधी एक रुपया पाठवून नाव बरोबर येतं का बघा. मंडळ नोंदणीकृत नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० खाली वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांच्या इथल्या कार्यालयाची परवानगी आधी घ्या; गणपतीच्या वर्गणीवाल्यांना ही वाट ठाऊक असते. देणगीवरची आयकर सवलत (८०जी नावानं ओळखली जाते ती) रोख २,००० रुपयांपर्यंतच मिळते, त्यावरची रक्कम बँकेतून. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या कोल्हापूरकराचे पैसे परदेशी देणगी ठरतात, त्यासाठी ट्रस्टकडं एफसीआरए नोंदणी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्याचे चालतात.

पावती पुस्तक १ ते ५० असेल तर पन्नासच्या पन्नास पानांचा हिशेब, कोरी आणि रद्द धरून. पेटी सील करा आणि तिघांसमोर फोडा. टी-शर्ट, मंडप, पाणी यांचा खर्च वेगळ्या प्रायोजकाकडून घ्या, तरच ‘सगळे पैसे पेशंटांना’ हे वाक्य छापा. उद्देश नेमका लिहा: ‘कॅन्सरग्रस्तांना मदत’ नको, ‘उपचाराला मुंबईला जाणाऱ्या पेशंट आणि सोबतच्या माणसाचं भाडं व राहणं’ किंवा ‘घरी वापरायला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि एअर मॅट्रेस’ असं लिहा. लोक त्याला मोकळ्या हातानं देतात.

बॅनरवर ‘कॅन्सरला हरवलं’, ‘मृत्यूवर मात’ असं लिहू नका. आजार बरा होणारा नाही हे त्यांना माहीत आहे, आणि पुढं तब्येत ढासळली की तेच शब्द ‘हरले’ म्हणून त्यांच्या घरच्यांच्या अंगावर येतात. फोटो कुठले आणि किती दिवस वापरायचे याची संमती लेखी घ्या, आणि ते गेल्यावर निर्णय कुणाचा तेही त्यात लिहा. पुढच्या वर्षी दौड ठेवायची का, हाही प्रश्न त्यांनाच विचारा. इंग्लंडमधल्या लीड्स शहरातल्या जेन टॉमलिन्सन यांचा स्तनाचा कॅन्सर शरीरभर पसरला होता. त्यांनी मॅरेथॉन आणि आयर्नमॅन (पोहणं, सायकल आणि पळणं एकत्र असलेल्या शर्यती) केल्या. २००७ मध्ये शहरात १० किलोमीटरची दौड सुरू झाली, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्या गेल्या, आणि दौड पुढंही होत राहिली.

दौडीनंतर तीन दिवस रोज सकाळ-संध्याकाळ ताप बघा, तळव्यांच्या फोडांना औषध लावा, भेटायला येणाऱ्यांची वेळ दुपारी चार ते पाच एवढीच ठेवा. हार-तुऱ्यांची माणसं घरी पाठवू नका. हिशेबाचा कागद मात्र पहिल्या आठवड्यातच त्यांच्या हातात द्या, त्यांना स्वतः वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.