रूप बदलणारा रोबो पारखायचा कसा

गाडीचा रोबो होणारं, ट्रान्सफॉर्मर्ससारखं खेळणं हातात आलं की लगेच उलगडायला घेऊ नका. त्या मॉडेलचं सूचनापत्रक मोबाइलवर शोधून ठेवा. जुने सांधे मोडतात ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे: एक पॅनल सोडवायच्या आत दुसरं ओढलं जातं आणि पिनेभोवतालचं प्लास्टिक जातं.

पिशवीत छोटी टॉर्च, भिंग, व्हर्नियर कॅलिपर आणि ० व १ नंबरचे फिलिप्स स्क्रूड्रायव्हर असावेत. मुंबईच्या चोर बाजारात शुक्रवारी पहाटे माल बघताना तर टॉर्चशिवाय काहीच कळत नाही. उजेड समोरून मारू नका, तिरका मारा. ताण आलेल्या प्लास्टिकवरच्या पांढुरक्या रेषा तिरक्या उजेडातच उठून दिसतात. त्या नेमक्या कुठे आहेत हे महत्त्वाचं. सपाट पॅनलवर असल्या तर चालतं. लोखंडी पिनेच्या तोंडाशी असल्या तर पुढची पायरी चीर. पारदर्शक प्लास्टिकमध्ये पिन बसवलेली असेल, उदाहरणार्थ काचेसारख्या दिसणाऱ्या टपाची बिजागरी, तर तिथे दुप्पट वेळ द्या. ते प्लास्टिक एबीएस या खेळण्यांच्या नेहमीच्या रंगीत प्लास्टिकपेक्षा ठिसूळ असतं, वाकत नाही, थेट तडकतं.

इथेच एक गोष्ट आधी तपासायची. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकापर्यंतच्या काही खेळण्यांत चमकीचे कण मिसळलेलं, लाटालाटांचं सोनेरी प्लास्टिक वापरलं होतं. ते वयानुसार आतून कमकुवत होतं आणि हलक्या दाबानेही बिस्किटासारखं तुटतं. ट्रान्सफॉर्मर्समधला १९८८ चा ब्लॅक झरॅक हा रोबो याचं प्रसिद्ध उदाहरण. डबा न उघडलेला असला तरी हा दोष टळत नाही. असं प्लास्टिक सांध्यात दिसलं तर रूपांतर करून बघण्याचा हट्ट सोडा आणि फक्त मांडून ठेवण्याच्या वस्तूचा भाव द्या.

बाकीच्यांचं मात्र पूर्ण रूपांतर करायला लावाच, जाऊन-येऊन दोन्ही बाजूंनी. अर्धवट उलगडलेल्या रोबोत कमरेचा आणि गुडघ्याचा दोष लपतो. रॅचेटचा, म्हणजे आतल्या दातांवर टप्प्याटप्प्याने फिरणारा सांधा प्रत्येक टप्प्यावर स्पष्ट टक् वाजला पाहिजे. मधला एखादा टप्पा गुळगुळीत सरकला तर आतला दात झिजला आहे, आणि त्यावर सोपा इलाज नाही. बॉल जॉइंटची, म्हणजे खोबणीत गोळा फिरणाऱ्या सांध्याची परीक्षा वेगळी: हातात शस्त्र देऊन दंड आडवा धरा. दहा सेकंदांत खाली आला तर सांधा सैल. सैल म्हणजे निकामी नव्हे. गोळा बाहेर काढून त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा एकच पातळ थर द्या, २४ तास वाळू द्या, मग बसवा. घाईने ओला बसवला तर गोळा खोबणीला कायमचा चिकटतो. सैलपणासाठी किमतीत थोडी सूट मागा. तुटलेल्या सांध्यासाठी भरपूर मागा.

शस्त्रांच्या मुठी बहुतेक आधुनिक मालिकांत ५ मिमी जाडीच्या असतात. कॅलिपरने मोजा. जाड निघाली तर ती मूठ दुसऱ्याच खेळण्याची किंवा नकली असू शकते, आणि जोर लावून बसवली तर रोबोचा पंजा फाटतो. सुटे भाग मोजताना आठवणीवर विसंबू नका. १९८४ च्या ऑप्टिमस प्राइमचेच पंजे सुटे आहेत, शिवाय बंदूक, ट्रेलर आणि त्यातली रोलर नावाची छोटी गाडी. पंजे हरवलेला प्राइम पुष्कळ दिसतो.

अस्सल की डुप्लिकेट, हे एका खुणेवर ठरवू नका. अंगावर उठवलेलं साल साच्याचं असतं, उत्पादनाचं नव्हे. १९८४ च्या सुरुवातीच्या रोबोंवर त्याआधीची सालं दिसतात, कारण हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीने ते टाकारा या जपानी कंपनीच्या डायाक्लोन आणि मायक्रोमॅन मालिकांच्या साच्यांतून आणले होते. १९८५ पासून उष्णतेने चिन्ह दाखवणारं स्टिकर आलं. अंगठ्याने घासल्यावर रोबोच्या गटाचं चेहऱ्यासारखं चिन्ह उमटतं. मात्र ते जुनं होऊन मुकंही होतं, त्यामुळे न उमटणं हा पुरावा नाही. नकली मालात पिनेची टोकं पृष्ठभागाच्या वर येतात, रंगाच्या कडा ओघळतात, रूपांतरानंतर पॅनलमधल्या फटी समान नसतात.

क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांत सीलबंद नवा माल घेताना डब्यावर आयएसआय चिन्ह बघा, १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ते बंधनकारक आहे. परदेशातून कोणी आणलेल्या जुन्या डब्यावर ते नसणारच, तेव्हा त्यावरून त्याला नकली ठरवू नका.

मुंबईच्या हवेची खूण स्क्रूवर आधी दिसते. खारी हवा आणि पावसाळ्याचा ओलावा मिळून स्क्रूच्या खाचेत तांबडा गंज साठतो. पिना आणि स्प्रिंगही त्याच वाटेने गेलेल्या असतात. बॅटरीचा कप्पा असेल तर विकणाऱ्याला तो तरी उघडायला सांगा: हिरवट-पांढरी पूड दिसली तर सेल आत गळले आहेत. पिवळा पडलेला पांढरा रंग हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळता येतो, पण तो पुन्हा पिवळा होऊ शकतो, त्यामुळे खूप शुभ्र जुना नग दिसला तर उजळलाय का, ते विचारा. क्रोमचा मुलामा स्पिरिटने पुसू नका, निघून जातो. रबरी टायर प्लास्टिकला चिकटून राहिले की त्यातलं तेल प्लास्टिक विरघळवतं, म्हणून टायरखाली खळगा आहे का, तेही बघा.

घेतल्यावर रोबो गाडीच्या मूळ रूपात आणा, शस्त्रं आणि पंजे विकणाऱ्यासमोरच मोजून झिपच्या पिशवीत टाका, आणि सिलिका जेलच्या दोन पुड्या सोबत ठेवूनच गर्दीच्या लोकलमध्ये चढा.