दमा आहे ना, मग अंदाज नको, फुंकून मोजा

दम्यात श्वास हळूहळू कमी होत गेला की माणसाला त्याचीच सवय होते, "मला कुठे काय होतंय" म्हणतो आणि श्वासाचा जोर मोजणाऱ्या मीटरवर बघावं तर आकडा अर्ध्यावर आलेला असतो. म्हणून नुसत्या वाटण्यावर जाऊ नका. श्वास मोजायच्या टेस्टना सुई नाही, रक्त नाही, फक्त फुंकायचं.

घरासाठी पीक फ्लो मीटर (फुंकल्यावर हवा किती जोरात बाहेर पडते ते मोजणारा) घ्या, मेडिकलमध्ये काहीशे रुपयांत मिळतो. काटा खाली आणायचा, उभं राहायचं, छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ घट्ट मिटायचे, जीभ भोकाच्या आड येऊ द्यायची नाही, आणि एका झटक्यात जीव लावून फुंकायचं. लांबवत बसू नका, तो पहिला झटकाच मोजला जातो. आणि बोट काट्याच्या खाचेवर नाही ना ते बघा, काटा तिथेच अडतो आणि आकडा उगाच कमी येतो. तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा लिहायचा, सरासरी नाही काढायची. सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, पंप घ्यायच्या आधी, आणि रोज तोच मीटर.

तब्येत बरी असताना दोनेक आठवडे असं केलं की तुमचा बेस्ट आकडा कळतो. समजा तो 400 आला, तर 320 च्या वर हिरवा झोन, 200 ते 320 पिवळा, 200 च्या खाली लाल. पिवळ्यात काय घ्यायचं ते डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या, रात्री दोन वाजता धाप लागल्यावर फोन लावत बसायला नको. लाल असेल किंवा एक वाक्यसुद्धा सलग बोलता येत नसेल तर रिलिव्हर पंप (लगेच आराम देणारा) स्पेसरने, म्हणजे पंपाला लावायच्या प्लास्टिकच्या नळकांड्याने, घेत घेत सरळ हॉस्पिटल गाठा, नाहीतर 108 लावा. मीटर शोधत तर अजिबात थांबू नका.

सकाळ-संध्याकाळचा फरकही बघा. सकाळी 300, संध्याकाळी 380 म्हणजे दोन्हींच्या सरासरीच्या जवळपास 24 टक्के चढउतार झाला. मोठ्यांमध्ये असा रोजचा फरक सरासरी 10 टक्क्यांच्या वर राहिला तर दम्याचा संशय पक्का होत जातो, म्हणून ती वही डॉक्टरांना दाखवाच.

स्पायरोमेट्री, म्हणजे किती हवा किती वेगाने बाहेर पडते ते मोजायची टेस्ट, लॅबमध्ये होते. इथे मात्र फुंकर लांबवायची, टेक्निशियन "अजून, अजून, अजून" ओरडत राहतो तोवर सोडायचं नाही. मग पंप देतात, दहा-पंधरा मिनिटांनी परत फुंकायला लावतात, आणि पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा 12 टक्के आणि 200 मिली अशी दोन्ही हिशोबांनी वाढली तर श्वासनळ्या पंपाने मोकळ्या होतायत असं धरतात, मोठ्या माणसांत हे दम्याकडे बोट दाखवतं. जाण्याआधी कुठला पंप किती तास बंद ठेवायचा ते विचारून घ्या (साल्ब्युटामॉल, म्हणजे नेहमीचा रिलिव्हर, साधारण 4 तास), पण त्रास होत असेल तर घ्या आणि तिथे तसं सांगा. नुकताच हार्ट अटॅक किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर तेही आधीच सांगा. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून दमा नाही असं नसतं बरं का, बऱ्या दिवशी तो नॉर्मल येऊ शकतो, त्रासाच्या दिवसांत पुन्हा करावा लागतो.

फेनो टेस्टमध्ये उलट हळू, एकसारखं दहा सेकंद फुंकायचं. श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइड वायूवरून श्वासनळ्यांतली ॲलर्जीवाली सूज कळते: मोठ्यांमध्ये 25 च्या खाली कमी, 50 च्या वर जास्त. पालक-बीट खाऊन गेलात तर आकडा वाढतो, सिगारेटने कमी दिसतो. स्टिरॉइडचा पंप नीट घेतला की हा आकडा उतरतो, म्हणून पंप चालू असूनही तो वरच असेल तर डोस वाढवण्याआधी डॉक्टरांसमोर पंप घेऊन दाखवा, बऱ्याचदा औषध घशातच बसत असतं किंवा मधले दिवस चुकलेले असतात.

पाच वर्षांच्या आतल्या मुलांना असं फुंकणं सहसा जमत नाही, त्यांच्यासाठी ऑसिलोमेट्री नावाची टेस्ट कुठे होते ते विचारा, त्यात नुसता नेहमीसारखा श्वास घ्यायचा असतो.